माफी मागायला लगेच जाऊ नये

अनेकजण सुचवतात की जीवघेण्या अपघातातल्या चालकाने चार दिवसांत मृताच्या घरी जाऊन माफी मागावी. हेतू चांगला, पण बहुतेकदा उलटंच होतं. घरचे अजून धक्क्यात असतात आणि समोर रडणाऱ्या माणसाला सावरण्याचं ओझं त्यांच्यावरच पडतं.

आधी प्रशिक्षित मध्यस्थ गाठावा. तो दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटतो, कधी कित्येक महिने. भेट होईल की नाही, कुठे, सोबत कोण, हे कुटुंबाने ठरवायचं. भेटीत मृताचे फोटो दाखवायचे की नाही हेसुद्धा.

पत्र लिहायचं तर मृताचं नाव घेऊन, काय घडलं ते सरळ लिहावं. 'पण' आला की माफी संपली! 'मला झोप लागत नाही' हेही नको, आणि 'क्षमा करा' अशी मागणी तर नकोच. खटला चालू असेल तर आधी वकिलाला दाखवा. हे पत्र पुरावा ठरू शकतं. मग ते मध्यस्थाकडेच राहू द्या, कुटुंबाने मागितलं तरच द्यायचं.

आणि क्षमा केली म्हणजे तक्रार किंवा भरपाई सोडली असं नव्हे. नातेवाईक नेमकी इथेच गल्लत करतात. एकाच घरात आईने क्षमा केली, भावाने नाही, असंही होतं. दोघांनाही तसंच राहू द्यावं.