मदत हवी आहे: थायरॉइड कमी असताना एचबीए१सीचा आकडा कितपत धरायचा?

नमस्कार मंडळी,

आईचे (वय ५८) रिपोर्ट आले आणि घरात दोन तट पडले. टीएसएच ३८, म्हणजे थायरॉइड बराच कमी. थायरॉक्सिनची गोळी सुरू झालीये, त्याबद्दल वाद नाही. गोची साखरेची आहे. उपाशीपोटी ९४, जेवणानंतर दोन तासांनी १२२, आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) मात्र ६.६! हिमोग्लोबिनही कमी, १०.२. डॉक्टर म्हणाले, साडेसहाच्या वर गेलं म्हणजे डायबेटिसच, मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) घ्या. आईने त्याच संध्याकाळी बिनसाखरेचा चहा सुरू केला, मावशीने कारल्याचा रस पाठवला.

६.६ म्हणजे सरासरी साखर १४० च्या पुढे हवी ना? शेजाऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर वेगवेगळ्या वेळी पाहिलं, १३० च्या वर काही जात नाही. थायरॉइडमुळे एचबीए१सी उगाच जास्त येतं का?

प्रतिसाद:
येऊ शकतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, असे रिपोर्ट बघण्यात येतात. ही तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. पेशी जगते साधारण १२० दिवस. थायरॉइड मंदावला की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्यांचा भरणा होतो, आणि जुनी पेशी लोणच्यासारखी जास्त मुरलेली असते. लोहाची कमतरता असेल तर तोच परिणाम, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघाच. गोळी लागू पडली की नव्या पेशी येतात आणि साखर तेवढीच असूनही आकडा उतरतो. त्याचं श्रेय कारल्याला जाईल, ते वेगळं!

फ्रुक्टोसामीनच्या (गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) मागे लागू नका, थायरॉइड कमी असताना तेही फसवं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी करता येईल का, डॉक्टरांना विचारा. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान पक्कं करत नाहीत. पण साखर नाहीच असंही गृहीत धरू नका, थायरॉइड कमी असला की इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. मेटफॉर्मिनचं डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

धागाकर्ता:
खूप आभार. फेरिटिन कमी निघालं तर लोहाची गोळी सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच दिली तर चालेल?

प्रतिसाद:
अजिबात नको. लोहामुळे थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. निदान चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमलाही हाच नियम. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने, लोह दुपारी.