विलीनीकरणानंतरचा प्रश्न : तूट कोणी सोसायची?

मुंबई महानगर प्रदेशातील बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली इत्यादी शहर बससेवा चालवणारे परिवहन उपक्रम एकत्र केले की समन्वयाचा प्रश्न सुटेल, असे या चर्चेत म्हटले जाते. विलीनीकरणाला माझा विरोध नाही. परंतु पुण्याचा अनुभव आधी पाहावा.

२००७ मध्ये पीएमटी (पुण्याची शहर बससेवा) आणि पीसीएमटी (पिंपरी-चिंचवडची) एकत्र येऊन पीएमपीएमएल ही सामाईक बस कंपनी स्थापन झाली, आणि तिची संचलन तूट (बस चालवण्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जितका जास्त तितकी रक्कम) पुणे महापालिकेने ६० टक्के व पिंपरी-चिंचवडने ४० टक्के सोसावी असे ठरले. हे सूत्र ठरलेले असल्यामुळेच हद्द ओलांडणारी बस कोणाची, हा वाद या दोन शहरांपुरता बराचसा मिटला. मात्र दोन्ही हद्दींबाहेरच्या गावांकडे जाणाऱ्या मार्गांचे काय? तेथील प्रवासी रोज शहरात कामाला व शिक्षणाला येतात, पण त्यांच्या ग्रामपंचायतींचा या तुटीत वाटा नाही. त्यातच तो एसटीचाही प्रदेश असल्याने २०२२ मध्ये एसटीच्या मागणीनंतर असे काही मार्ग पीएमपीएमएलने बंद केले, आणि त्याची झळ त्या प्रवाशांनाच बसली.

म्हणून मुंबईतही एकत्रित कंपनीचे नाव ठरवण्याआधी, प्रत्येक मार्गाचे किलोमीटर कोणाच्या हद्दीत किती आणि त्याची तूट कोणाकडे, हे लेखी ठरवावे. वेळापत्रक आणि सामाईक तिकीट त्यानंतर तुलनेने सोपे आहे.