दयाळाची ढोली आधी राखा
घरट्यासाठी पेटी टांगली तर दयाळ पक्षी तिच्यात राहायला येतो का, असं एकानं विचारलंय. येतो. पण ढोल्या वाचवणं मला त्याहून मोलाचं वाटतं. दयाळ स्वतः ढोली कोरत नाही. तांबट पक्ष्यानं कोरून सोडलेलं भोक, कुजक्या खोडातली पोकळी, नाहीतर जुन्या दगडी भिंतीतली फट, हेच त्याचं घर. आपल्या कोल्हापुरात तिन्ही आहेत, अजून तरी!

रंकाळ्यावर पहाटे नराची शीळ ऐकली की आमच्या गटातला प्रत्येक जण थबकतो. तो आनंद टिकवायचा तर मार्च ते जुलै वाळकी फांदी तोडण्याआधी लांबून अर्धा तास बघा, चोचीत अळी घेऊन कोणी आत जातंय का. पेटी लावलीच तर बाहेर दांडी नको, शिकारी प्राणी-पक्ष्यांना ती सोयीची पडते.