बारावी सायन्स ५८ टक्के. डिप्लोमा, बीएस्सी, का सरळ शिरोलीत काम?

वडगावचा_पोरगा
पीसीएम आहे, सीईटीचा स्कोअर सांगण्यासारखा नाही. बाबा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करतात. त्यांचं म्हणणं, मॅनेजमेंट कोट्यातनं इंजिनिअरिंग कर, कर्ज काढतो. मामा म्हणतो, बीएस्सी कर आणि पोलीस भरतीची अकॅडमी लाव. मला मशीनचं काम आवडतं. सुट्टीत बाबांच्या कंपनीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला जातो. कामालाच लागू का?

पॅटर्नशॉप
भावा, कर्ज काढून कोटा अजिबात नको. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी सुटते, पण ॲडमिशन कॅप राउंडमधनं, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतनं पाहिजे. कोट्यातल्या सीटला ते नाही.

बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, सीईटी लागत नाही. मेकॅनिकल घे. पुढं वाटलं तर डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

आता कामाचं. फेटलिंगला ग्राइंडर धरलास, ठीक. पण कास्टिंग (ओतलेला भाग) मशीनशॉपला गेलं आणि पहिल्याच कटला ब्लोहोल, म्हणजे गॅसनं आत पडलेली पोकळी, उघडा पडला की काय होतं बघितलंयस? सगळी एकमेकांकडं बोट दाखवतात. वाळूत ओल जास्त होती, व्हेंट (गॅस जायची भोकं) बुजले होते, का मेटल थंड ओतलं, हे जो ड्रॉइंग पुढ्यात घेऊन सांगतो त्याचं मालक ऐकतो. आमच्यात मोल्डिंगमध्ये केस पिकलेली माणसं आहेत, एकेकाचा हात बघत बसावा असा. टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) वाचायला मात्र डिप्लोमावाल्या पोराला हाक मारतात. तुझे बाबा कर्जाला का तयार झाले असतील, विचार त्यांना.

टर्नर_कळंबा
आयटीआय कुणी काढलाच नाही! टर्नर नाहीतर मशिनिस्ट, दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिपला स्टायपेंड. दोन वर्षांच्या आयटीआयवरनं पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरात पैसा लवकर यायला पाहिजे असला तर हेच बरं.

पॅटर्नशॉप
त्याची बारावी सायन्स झाली आहे की. मग आयटीआयची दोन वर्षं कशाला घालवायची?

टर्नर_कळंबा
हात बसायला. लेथवर उभे न राहिलेले डिप्लोमावाले आम्हीच शिकवतो.

रंकाळा_रनर
भरतीला १६०० मीटर आणि गोळाफेक आहे. जागा कधी निघतील, नेम नाही. मामाला सांग, पळायला जातो. अकॅडमीची फी नको.

वडगावचा_पोरगा
डिप्लोमाचा अर्ज भरतोय, उत्पन्नाचा दाखला काढायला टाकलाय. बाबांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, ब्लोहोलचं बरोबर आहे, पण कोअर (साच्यातला पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) कच्चा राहिला तरी गॅस धरतो, ते लिहायला सांग त्याला.