फिनलंडच्या उतायार्वीला जायचंय – तिथल्या रानात काय चालतंय, काय नाही?

नंदगडकर_खानापूर
भाचा औलूला नोकरीत आहे. घरची पाच माणसं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणार. त्यातले चार दिवस औलूच्या आग्नेयेला उतायार्वी म्हणून छोटी नगरपालिका आहे, तिच्या हद्दीत रोकुआच्या जंगलाजवळ लाकडी घर भाड्याने घेतलंय. आईचं वय ६६, गुडघा दुखतो. तिथं कोणाच्याही रानात शिरता येतं का? बेरी, अळंबी तोडायला परवाना लागतो का? बाहेर चूल पेटवली तर? आपल्याकडे भीमगडच्या हद्दीत शिरायचं तर वनखात्याला विचारावं लागतं, म्हणून आधीच विचारून ठेवतोय. जाणकारांनी नेमकं सांगावं.

चोर्ला_घाट
दादा, शिरायला कोणाला विचारायची गरज नाही. फिनलंडमध्ये जमीन खासगी असो की सरकारी, पायी, सायकलने किंवा स्कीवरून कोणीही जाऊ शकतो, परदेशी पाहुणासुद्धा. बेरी, अळंबी फुकट. मात्र हा हक्क कुठं संपतो ते घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. लोकांचं अंगण आणि उभ्या पिकाचं शेत वर्ज्य. रस्ता सोडून गाडी आत घालायची तर मालकाची परवानगी हवी. झाडाची फांदी मोडायची नाही, पडलेलं वाळकं लाकूडही मालकाचंच, आणि शेवाळ, लायकेन उचलायचं नाही.

हे शेवटचं रोकुआत सगळ्यात महत्त्वाचं. तिथली जमीन म्हणजे नुसती वाळू. वर पाइनची झाडं आणि खाली पांढुरक्या लायकेनचा थर. मसाल्यातलं दगडफूल ज्या वर्गातलं, त्याच वर्गातलं. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतंय. पावसानंतर ते ओलं, लवचिक असतं, पाय पडला तरी दबून परत उठतं. चार दिवस ऊन पडलं की कोरडं होऊन पायाखाली चुरा होतं आणि तो डाग वर्षानुवर्षं भरत नाही. म्हणून कोरड्या दिवसात आखलेली पायवाट सोडू नका, पोरांना तर अजिबात सोडू देऊ नका.

चुलीचं: उघड्यावर आग पेटवायला जमीनमालकाची परवानगी लागते. वणव्याचा इशारा जाहीर झालेला असेल तर परवानगी असूनही पेटवता येत नाही. रोकुआ राष्ट्रीय उद्यानात (१९५६ चं आहे) ठरवून दिलेल्या जागीच आग चालते. कोरडं लायकेन झटकन पेट घेतं, आणि मातीतल्या पालापाचोळ्यात विस्तव आत आत धुमसत राहतो. निघताना राखेवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताला गरम लागत नाही तोवर जागा सोडायची नाही.

गळ टाकायची हौस असेल तर साधी काठी, दोरा, गळ एवढ्याने मासेमारी फुकट. रीळ लावून टाकायचं तर १८ ते ६९ वयाच्या माणसाला सरकारी शुल्क भरावं लागतंय. नदीच्या ज्या धारेत सामन जातीचे मासे असतात तिथं साधा गळही चालत नाही, आधी चौकशी करा.

कणकुंबीची_माहेरवाशीण
आईंना घेऊन जाताय तर अळंबीबद्दल आधी बोलते. श्रावणात आपल्याकडे वारुळावर जी पांढरी अळंबी उगवते, ती वाळवीच्या वारुळाशीच जोडलेली. फिनलंडमध्ये तसली वाळवी नाही, त्यामुळे ती अळंबीही नाही. तिथं रानात दिसणारी ढिगाऱ्यासारखी वारुळं मुंग्यांची, पाइनच्या सुया रचून केलेली. ती मोडू नका. आणि पांढरीशुभ्र, देठाला झालर, बुडाशी पिशवी अशी अळंबी दिसली तर हात लावू नका. अमानिटा विरोसा तिचं नाव, यकृत निकामी करते. उलट्या सुरू व्हायला आठ तासांहून जास्त लागतात, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. शिजवून ते जात नाही. गावाकडे अळंबी ओळखणारी बाईच तिथं जास्त फसेल, म्हणून सांगते: तोडूच नका, बाजारातून घ्या.

बेरी मात्र खुशाल तोडा. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुस्टिक्का, म्हणजे तिकडची निळी बेरी, संपत आलेली असते. पुओलुक्का ही लाल बेरी ऐन भरात असते आणि रोकुआच्या कोरड्या पाइनच्या रानाला तीच मानवते. पानं बारकी, जाड, चकचकीत, खालच्या बाजूला ठिपके. पूर्ण गडद लाल झालेलीच घ्या, अर्धी पांढरी कडू लागते. काळी, बियाळ, पाणचट बेरी दिसली तर ती वारिक्सेनमार्या. खाल्ली तरी अपाय नाही. पण चार पानांच्या मधोमध एकच काळी बेरी उभी असेल तर ती विषारी. मुस्टिक्का समजून पोरं तोंडात घालतात.

डास सप्टेंबरात बरेच कमी होतात, पण त्या भागात हरणमाशी असते. अंगावर बसली की पंख गाळते आणि केसांत शिरते. फिकट रंगाचे गुळगुळीत कपडे, डोक्याला टोपी, घरात शिरण्यापूर्वी मान आणि केस तपासायचे. गोचिडीसाठी पायही बघा. शरद ऋतू शिकारीचा, तेव्हा भगवी किंवा लाल टोपी घातली तर दुरून माणूस म्हणून दिसता.

निपाणी_सर्कल
प्रवासाचं सांगतो. औलूहून कायानीकडे जाणारी रेल्वे उतायार्वीला थांबते, पण दिवसातून मोजक्याच गाड्या. स्टेशनपासून रोकुआ पायी जाण्यासारखं नाही, गाडी हवीच. संध्याकाळी गाडी सावकाश चालवा. एल्क हे थोराड हरीण रस्त्यावर येतंय, त्याचे पाय उंच असल्यामुळे धडकेत धूड थेट काचेवर येतं. तूरडाळ, मसाले औलूतच भरून घ्या. सगळ्या संकटांना एकच नंबर, ११२. त्यांचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या, जागा आपोआप कळते.

आईंच्या गुडघ्यासाठी: रोकुआत हिमयुगातले बर्फाचे ठोकळे वाळूत गाडले गेले आणि वितळल्यावर खड्डे पडले. सगळ्यात खोल, स्यूव्यूदेनकाइवो, सुमारे ५० मीटरचा. वाळूचा उतार, चढताना पाय मागे घसरतोय. वरूनच बघू द्या.

तळ्याकाठी मात्र नक्की बसा. रोकुआतल्या बऱ्याच तळ्यांना ओढा येऊन मिळत नाही, वाळूतल्या भूजलावर जगतात. सभोवतालच्या दलदलीत झाडं वाढावीत म्हणून चर खणले, त्या चरांतून वाळूच्या डोंगराखालचं पाणी वाहून जातं आणि वर तळ्यांची पातळी उतरते. मलप्रभेच्या उगमाकडचं पाणी जपणाऱ्यांनी हे बघून यावं असं मला मनापासून वाटतं.

बेळगाव_टिळकवाडी
पाट्यांबद्दल: उतायार्वी फक्त फिनिश भाषेची नगरपालिका, स्वीडिश पाटी शोधू नका. पाटीवर ‘किएल्लेत्यू’ (kielletty) दिसलं की तिथं कशाला तरी मनाई आहे, फोनवर भाषांतर करून बघा. त्यांच्याकडे अल्पसंख्य भाषा बोलणारे ८ टक्के किंवा ३००० झाले की नगरपालिका द्विभाषिक ठरते, आणि दर दहा वर्षांनी आकडे बघून हे ठरवतात. आपल्याकडे सूचना अल्पसंख्य भाषेत द्यायला १५ टक्क्यांचा निकष. सीमाभागातल्या माणसाला हे माहीत असायला हवं.

नंदगडकर_खानापूर
सगळ्यांचे आभार. पुओलुक्काचं लोणचं होतं का? आई विचारते आहे.

कणकुंबीची_माहेरवाशीण
होतं की, करवंदासारखंच. अर्धा किलो बेरी पंख्यासमोर उंचावरून ओता, पानं उडून जातात. २०० ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात दाट होईतो उकळा, दीड चमचा मीठ, दोन चमचे ब्याडगी तिखट, मग बेरी घालून तीनच मिनिटं. जास्त शिजवलं तर सालं फुटून जॅम होतो. मोहरी, मेथी, हिंगाची फोडणी गार करून वरून. या बेरीत मुळातच बेंझोइक आम्ल असतं, म्हणून टिकायला चांगली. तरी गूळ-पाणी कमी-जास्त झालं असेल तर भरवसा नको, फ्रिजमध्येच ठेवा आणि कोरडा चमचा वापरा.