फोनमधला पसारा आवरताना काय काढले, काय ठेवले आणि काय चुकून गेले (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात पाण्याच्या मीटरवरचा आकडा टिपून ठेवावा म्हणून फोटो काढायला गेलो, तर जागा शिल्लक नसल्याचे सांगून कॅमेरा बंद पडला. १२८ जीबीचा फोन दोन वर्षांत भरलाच कसा, हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले की त्यातले निम्म्याहून अधिक सामान मी आणलेलेच नव्हते. लग्नपत्रिकांचे व्हिडिओ, एकाच सत्यनारायणाचे चार नातेवाइकांनी पाठवलेले तेच सत्तर फोटो, आणि मी गॅलरीतून पुढे पाठवलेल्या फोटोंच्या व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये साठलेल्या प्रती! माळ्यावरचे पातेले एकच असते आणि ते कोणाचे हेही घरात ठाऊक असते. फोनमध्ये मात्र नको असलेला फोटो तीन ठिकाणी सापडतो आणि तीन ठिकाणी असेल असे आपण गृहीत धरलेला फोटो नेमका एकाच ठिकाणी असतो.

सगळे क्लाउडवर चढवून मोकळे व्हावे, हा मार्गही आता पूर्वीसारखा फुकट उरलेला नाही. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण संपली आणि जीमेल, ड्राइव्ह व फोटो यांना मिळून १५ जीबी एवढीच जागा राहिली. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही पुढे त्याच जागेत मोजला जाऊ लागला. आयक्लाउडवर तर ५ जीबीच मोफत मिळतात.

तेव्हा आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. जमलेल्या प्रयोगांइतकेच फसलेले प्रयोगही हवे आहेत. फोन ‘स्वच्छ’ करून देणारी ॲप्स मात्र कृपया सुचवू नयेत, कारण त्यांच्याकडून होणारे बहुतेक काम फोनच्या सेटिंग्जमधून करता येते आणि केर काढण्यासाठी कोणा अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या द्याव्यात असे मला वाटत नाही.

सांगली, निवृत्त शिक्षिका

माझ्या फोनवर सकाळी सहा ते आठ या वेळात किमान चाळीस सुप्रभात येऊन पडतात. हा केवळ माझा छळ नाही, याचा दिलासा मला २०१८ च्या सुरुवातीला मिळाला होता. भारतीयांचे फोन ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी तुडुंब भरतात, हे गूगललाही जाणवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या आणि २०१७ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘फाइल्स गो’ या त्यांच्या ॲपमध्ये अशी चित्रे वेगळी काढून देण्याची सोय होती.

नातवाने मला व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधले ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ हे पान दाखवले. तिथे अनेकदा फॉरवर्ड झालेला मजकूर आणि ५ एमबीहून मोठ्या फायली वेगळ्या दिसतात आणि खाली कोणत्या गटाने किती जागा व्यापली आहे, याची उतरत्या क्रमाने यादी असते. कुटुंबाचा गट पहिला येईल, अशी माझी खात्री होती, पण पहिला आला तो भजनी मंडळाचा. ती ध्वनिमुद्रणे मी ठेवली आणि कुटुंबाच्या गटातले साडेतीन जीबी काढून टाकले. आता फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोयही बंद केली आहे, त्यामुळे मी बोट लावीन तेवढेच चित्र घरात येते.

ऑगस्ट २०२२ पासून गटातून गुपचूप बाहेर पडता येते आणि ते फक्त ॲडमिनला कळते, असे मला सांगण्यात आले. माझ्या सहापैकी चार गटांत ॲडमिन माझी धाकटी जाऊच असल्यामुळे त्या सोयीचा मला काही उपयोग झाला नाही.

पुणे, गृहिणी

माझी चूक पूर्ण विचारांती केलेली होती, म्हणून ती नीट लिहिते. मुलीच्या पहिल्या पाच वर्षांचे सगळे फोटो क्लाउडवर चढले आहेत, याची मी दोनदा खात्री करून घेतली आणि मग आता फोनमधले काढायला हरकत नाही, असे समजून त्याच फोटो ॲपमध्ये एकेक वर्ष निवडून काढून टाकले. त्या ॲपमध्ये फोनमधली प्रत आणि क्लाउडवरची प्रत मिळून एकच फोटो दिसतो आणि तिथे तो डिलीट केला की दोन्ही ठिकाणांहून जातो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल, तर ‘जागा मोकळी करा’ असा निराळा पर्याय असतो. तो मी शेकडो वेळा पाहिला होता, पण ती कसली तरी जाहिरात असावी असे समजून त्याच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

अठरा दिवसांनी सासूबाईंना बारशाचे फोटो दाखवायला बसले, तर २०१५ नंतर एकदम २०२१ आले. आधी मला वाटले की फोटो उघडायला वेळ लागत असेल. सासूबाई चष्मा पुसत वाट पाहत होत्या आणि मी बोटाने वरखाली करत होते.

काढलेले फोटो ॲपच्या कचरापेटीत होते, म्हणून मी वाचले. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात आणि बॅकअप न झालेले त्याहून निम्मेच दिवस. खरे तर काढले त्याच दिवशी, जागा अजून का वाढत नाही म्हणून मी ती पेटीही रिकामी करायला निघाले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातला गॅस संपला आणि ते काम राहून गेले.

आता दर एप्रिलमध्ये, मुलीची परीक्षा संपली की, वर्षाचे फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवते, त्यांतले दहा-वीस कुठलेही उघडून पाहते आणि मगच फोनला हात लावते. एक डिस्क आमच्याकडे आणि दुसरी माहेरी असते. नवऱ्याला हा अतिरेक वाटतो. तो त्या दिवशी घरी नव्हता.

परभणी, शेतकरी

माझा फोन ३२ जीबीचा असून त्यातली बरीच जागा फोनची यंत्रणा आणि आधीपासून घातलेली ॲप्स यांनीच धरलेली आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद आम्हाला स्वतः करता येते आणि त्यासाठी शेतात उभे राहून ॲपमधूनच पिकाचा फोटो काढावा लागतो. खरिपाची नोंद करायला शेतात गेलो, तर ॲपची नवी आवृत्ती उतरवायला फोनमध्ये जागाच नव्हती. मग बांधावर बसून डाउनलोडचे फोल्डर सरसकट निवडले आणि रिकामे केले.

त्यात सातबारा, आठ-अ आणि पीक विम्याची पावती यांच्या पीडीएफ होत्या. सगळ्या मिळून १० एमबीसुद्धा नसतील. जागा खरी खाल्ली होती ती शंकरपटाच्या व्हिडिओंनी, आणि ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये सुखरूप होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून पुन्हा काढता आला. पावतीसाठी मात्र तालुक्याला दोन खेपा झाल्या. आता ‘कागद, हात लावू नये’ या नावाचे वेगळे फोल्डर केले आहे, कारण फोन माझ्याएवढाच माझ्या मुलाच्याही हातात असतो.

डोंबिवली, खासगी नोकरी

मी काहीच काढले नाही. पहिल्या पानावर फोन, कॅमेरा, यूपीआय आणि लोकलच्या तिकिटाचे ॲप एवढेच ठेवले आणि बाकी सगळ्यांची नोटिफिकेशन्स बंद केली. चार दिवस फार शांततेत गेले. पाचव्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हते आणि त्याची सूचना सोसायटीच्या गटावर आदल्या दिवशी दुपारीच आलेली होती.

(धागाकर्ता: अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून एकाच ॲपच्या निरनिराळ्या प्रकारच्या सूचना स्वतंत्रपणे बंद करता येतात. ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये आत शिरून पाहावे, म्हणजे जाहिराती बंद करून कामाच्या सूचना चालू ठेवता येतील.)

नागपूर, विमा प्रतिनिधी

फोटोंपेक्षा मला संपर्कांची यादी जड झाली होती. चौदाशे नोंदींपैकी कितीतरी दुहेरी होत्या, कारण काही सिमवर, काही फोनमध्ये तर काही गूगल खात्यात होत्या. त्या एकत्र करणे सोपे गेले. अवघड होते ते ‘प्लंबर’, ‘प्लंबर नवा’ आणि ‘प्लंबर नको’ यांतला फरक आठवणे. ‘नको’ हाच शेवटी कामाचा निघाला. शाळेतल्या आमच्या गणिताच्या सरांचा क्रमांकही त्या यादीत होता. सर जाऊन सहा वर्षे झाली. बंद पडलेले क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात, त्यामुळे सरांच्या नावापुढे आता एका चपलांच्या दुकानाचे चित्र दिसते.

फ्रँकफर्ट, संगणक अभियंता

बरेच दिवस न वापरलेली ॲप्स काढून टाका, असे फोननेच सुचवले आणि मी ती एका झटक्यात काढली. त्यात लॉगिनसाठी सहा अंकी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲपही गेले. कोड ज्या गुप्त किल्लीवरून तयार होतात, ती माझ्या ॲपमध्ये केवळ फोनवरच साठवलेली होती. तिचा बॅकअप मी कधी सुरू केला नव्हता आणि आणीबाणीचे कोड छापूनही ठेवले नव्हते. भारतातल्या एका गुंतवणूक खात्यात शिरता येईना आणि ओटीपीचे भारतीय सिम मी रिचार्जअभावी कधीच गमावले होते. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवणे आणि अर्ज पुन्हा पुन्हा भरणे यांत तीन आठवडे गेले.

दुसरा धडा स्वस्तात मिळाला. ॲप काढल्याने खाते बंद होत नाही आणि वर्गणीही थांबत नाही. त्यानंतर दोन महिने मी फोनमध्ये नसलेल्या एका व्यायामाच्या ॲपचे पैसे भरत होतो.

सातारा, महाविद्यालयीन प्राध्यापिका

आईचा फोन हळू चालतो म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आवरायला घेतला. जे काढशील ते माझ्यासमोर काढ, एवढीच तिची अट होती. व्हिडिओ भराभर गेले. मग व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्सचे फोल्डर उघडले, तर आत वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक जोडून नाव दिलेली बारीक फोल्डर्स होती आणि त्यांत दोन हजारांहून अधिक फायली होत्या. फायलीच्या नावात तारीख असते, पण कोण बोलते आहे ते नसते. पहिल्या पाच-सहा ऐकल्या. ‘पोचलो’, ‘भाजी आणू का’, ‘दार उघड’ असेच होते, त्यामुळे सगळे फोल्डरच निवडणार होते.

सातवी फाइल मावशीची होती. २०२० च्या टाळेबंदीत तिला जात्यावरच्या ओव्या आठवू लागल्या, आणि आठवेल तशी एकेक ओवी ती आईला पाठवत असे, हे मला ठाऊकच नव्हते. आईला ठाऊक होते. पण त्या अजून फोनमध्ये असतील, असे तिला वाटले नव्हते.

त्या संपूर्ण फोल्डरने २०० एमबीसुद्धा जागा घेतलेली नाही, म्हणजे ते काढून फोनला काही फरक पडला नसता. आता रोज रात्री जेवणानंतर आम्ही फायली ऐकतो, आधी मोठ्या आणि मग लहान. ओवी सापडली की मी ती संगणकावर उतरवते आणि आई तिच्या आधी कोणती व नंतर कोणती येते, ते वहीत लिहिते. आतापर्यंत एकतीस सापडल्या आहेत. काल आम्ही २०२१ च्या तेराव्या आठवड्यापर्यंत आलो.