विषय: आजीचं पार्लर आणि एक लाल टिकली

नमस्कार मंडळी,
सुट्टीत परदेशातून इंदूरला आलेय, रामबागेत आईकडे. काल कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटेपासून घोटून दुपारी आई कूलरसमोर चटईवर आडवी झाली. (मदत केली नाही का, विचारू नका. सोऱ्या ती कुणाच्या हाती देत नाही.) आमच्या ६ वर्षांच्या कन्येने संधी साधली. "आजी, हलायचं नाही, पार्लर आहे." पांढऱ्या केसांत सात चिमटे, वर फुलपाखराचं बक्कल, पावडरीचे थर, हनुवटीपर्यंत लिपस्टिक. आई डोळे मिटूनच म्हणाली, "सजवून राहिलीय पोरगी, सजवू दे." मग पोरीने माझ्या पाकिटातली लाल टिकली काढून तिच्या कपाळावर अंगठ्याने दाबली.

बाबांना जाऊन ११ वर्षं झाली. तेव्हापासून ते कपाळ रिकामं. मी टिकली काढायला गेले, तर आईने माझा हात धरला. संध्याकाळी शेजारच्या काकू चीक न्यायला आल्या, टिकलीकडे दोनदा बघून गेल्या. आज आंघोळीनंतर आरशावरची तीच टिकली आईने स्वतः लावली. आता तिथे खाज सुटलीय. काय करू?

---
उत्तर: टिकली काढा आधी. मी त्वचेचीच डॉक्टर. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफेनॉल असतं. कुणाकुणाला त्याने पांढरा डाग पडतो, आणि टिकली सोडली तरी तो जातोच असं नाही. खाज थांबेपर्यंत कपाळाला काही नको.

---
उत्तर: आमची आई मेणाचं बोट टेकवून वर पिंजर लावायची. पण ताई, राग मानू नका, हौस आईंची की तुमची? त्यांना विचारलंत का?

---
उत्तर: काका, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं बंद. आणि आपण इथे परदेशात बसून हौस कुणाची ते विचारतोय!

---
उत्तर: काकांचं बरोबर आहे, विचारलं नव्हतं. आत्ता तिघांची उत्तरं आईला वाचून दाखवली. ठरावाचं ऐकून नुसतं "हं" म्हणाली. डॉक्टरांचं ऐकून टिकली काढली, परत आरशावर चिकटवली नाही, केरात टाकली. मेणाचं निघाल्यावर मात्र उठून बसली. "माझी डबी माळ्यावर असेल, पितळी पातेल्यात. खाज गेली की काढ."
पोरगी स्टूल ओढून राहिलीय. आत्ताच.